चार बोटं उंच

टेपकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पोलादी टेप असायची. पंप दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, आणि पंपाच्या कामात माप चुकलं की पाणी चढत नाही. हा एकच धडा त्यांनी पाठ केला आणि घरीदारी सगळीकडे लावला. कपाट आणायचं तर आधी दाराची चौकट मोजायची, गादी आणायची तर पलंग दोनदा मोजायचा. काकू म्हणायच्या, "एक दिवस माझं डोकंही मोजाल, आणि म्हणाल, नाही बसत." पण हे पूर्वीचं. गेल्या वर्षभरात काकूंच्या तोंडून असलं काही निघालं नव्हतं, आणि ते ऐकायला काकांचे कान आसुसले होते.

त्या सकाळी ते टायरच्या दुकानात उभे होते तेही त्या वर्षभरापायीच. दुकान कसलं, पत्र्याची शेड. भिंतीला छतापर्यंत टायर रचलेले, हवा भरायच्या यंत्राची धडधड, आणि रबराचा वास असा की जेवताना हाताला यावा. टायरवाला वयाने काकांपेक्षा बराच लहान, पण बोलण्यात त्यांचा बाप. त्याच्याकडे पंक्चर काढायला आलेला माणूसही चार नवी चाकं डोळ्यांपुढे नाचवत घरी जायचा.

"बोला काका, पिकअप कुठं न्यायचीय? बाजारात की डोंगरात?"

"लेकीकडे," काका म्हणाले.

लेक डोंगरात राहायची, स्वतःच्या रोपवाटिकेत. वाटेत एक ओढा होता आणि त्यावर पूल नव्हता. पाण्यातून, दगडांवरूनच गाडी घालावी लागे. लेकीचे दिवस भरत आले होते. जावई कामाच्या गावी अडकलेला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी आधीच सांगून हात वर केले होते, की ओढ्याच्या अलीकडे बोलवा, पलीकडे आम्ही येणार नाही. म्हणजे तिला खाली आणायचं ते काकांच्या पिकअपमधूनच. परवा आणायचं असं ठरलं होतं, आणि ठरल्यापासून काकांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कारण त्याच ओढ्यात गेल्या वर्षी हीच पिकअप रुतली होती. शेजारी काकू बसलेल्या. चाक घसरलं, गाडीचं पोट एका दगडावर टेकलं आणि काका घाबरले. घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं: ॲक्सिलरेटर दाबला, मग आणखी दाबला. चाकांनी स्वतःच्याच खाली खड्डा खणला. शेवटी काकू म्हणाल्या, "मी उतरते, तेवढंच वजन कमी," आणि शेवाळलेल्या दगडावरून त्यांचा पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. त्यानंतर त्या या गाडीत बसल्या नाहीत. भांडल्या नाहीत, दोष दिला नाही, नुसत्या बसल्या नाहीत. दवाखान्यात जायचं तर भाड्याची गाडी मागवायच्या. 'रुतणं' हा शब्दच त्या घरातून हद्दपार झाला. समोरच्या गल्लीत कुणाचा हातगाडा चिखलात फसला तरी दोघं म्हणायची, अडकला वाटतं.

पुढे ओढा आटला तेव्हा काका एकटेच गेले आणि तो दगड मोजून आले. त्या दगडाचं माप त्यांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ होतं.

टायरवाल्याने पहिला टायर लोटत आणला. "हा बघा. तुमच्याच मापाचा, फक्त नक्षी जाड. रस्त्यावर आवाज नाही, ब्रेक जिथल्या तिथं. शहाण्या माणसाचा टायर."

"गाडीचं पोट किती वर जाईल?"

"पोट आहे तिथंच राहील."

"मग नको."

"मग हा मधला. बोटभर उंची मिळेल. रिम तीच चालेल, काही कापाकापी नाही."

काकांनी टेप लावली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात त्या टायरवरून गाडी ओढ्यात घातली. दगड खर्रकन लागला. त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली.

तिसरा टायर आणायला टायरवाल्याला दोन्ही हात लागले. खोल खाचा, अंगठ्याएवढे जाड ठोकळे. "हा चिखल चावत जातो. पण याला रिम रुंद लागेल. चाक बाहेर येईल आणि पूर्ण वळवलंत की मडगार्डला घासेल. म्हणून स्प्रिंगांखाली ठोकळे घालून गाडीच उचलावी लागेल. सगळं मिळून चार बोटं."

"चार बोटं," काका पुटपुटले. त्यांचं आणि त्या दगडाचं भांडण तेवढ्याचंच होतं.

"पण नंतर मला बोल लावू नका. ब्रेक जरा उशिरा लागेल. वेगाचा काटा दाखवेल त्यापेक्षा गाडी जोरात असेल. इंजिनाला ओढ बसेल. आणि स्टेपनी खाली मावणार नाही, ती मागे टाकून न्यावी लागेल."

काका एकेक वाक्य मनातल्या मनात गाडीला लावून बघत होते. ब्रेक उशिरा, म्हणजे उताराच्या वळणावर काय? काटा खोटा, म्हणजे लेक शेजारी असताना आपल्याला वेग कळणारच नाही? ते मधल्या टायरकडे गेले. तिथून त्यांना दगड दिसला. परत मोठ्याकडे आले. तिथून दरी दिसली. कपाळावरचा घाम पुसत ते असे या टायरकडून त्या टायरकडे येरझारा घालत राहिले.

"काका, टायर निवडताय की जावई?"

"जावई निवडताना मला कोणी विचारलंच नव्हतं," काका म्हणाले, आणि मोठ्या टायरवर हात ठेवला. "हाच बसवा."

"बसवतो. फक्त एक ऐका. चिखलात घाई केलीत तर हाच टायर खड्डा खणतो. हळू दिलंत तर हाच धरून बाहेर काढतो. लोक येऊन टायरला शिव्या घालतात, आणि चुकलेला असतो पाय."

काकांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो बिचारा चपलेत गप्प होता.

गाडी वर घेतली, जुनी चाकं उतरली. टायरवाला खाली वाकून बघत होता. "काका, या दाराखालच्या पायऱ्या लोंबतायत. वर मिळवलेली उंची इथं वाया जाणार. दगडाला पहिल्या याच लागतील."

त्या लोखंडी पायऱ्या काकूंच्या ऑपरेशननंतर लेकीने बसवून घेतल्या होत्या, आईला चढायला सोपं जावं म्हणून. वर्षभरात त्यांच्यावर कोणाचा पाय पडला नव्हता. बोल्ट तसेच गंजून गेले होते.

"चढायला कोणाला लागत नाहीत ना?"

काकांच्या डोळ्यांसमोर दगड होता. दगडापुढे त्यांना दुसरं काही दिसेनासं झालं होतं. "नाही," ते म्हणाले. "काढा."

गंजलेले बोल्ट कापावेच लागले. पायऱ्या कोपऱ्यात जुन्या ट्यूबांच्या ढिगावर जाऊन पडल्या. काका जमिनीवर आडवे झाले, गाडीखाली टेप लावली, आकडा पाहिला आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा काकू काठी टेकत बाहेर आल्या. काका उतरले ते जवळजवळ उडी मारूनच, आणि लहान मुलासारखे बाजूला उभे राहिले, आता कौतुक होणार म्हणून. काकूंनी टायरकडे पाहिलंच नाही. त्या दाराखाली बघत होत्या.

"पायरी कुठंय?"

"काढली. खाली लागत होती." काकांना तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण नाही. "तशी वापरात नव्हतीच."

"हो," काकू म्हणाल्या. "वापरात नव्हती." मग काठीचं टोक त्यांनी फरशीच्या फटीत उगाच फिरवलं. "परवा तुमच्याबरोबर यायचं म्हणत होते मी. तुम्हाला सांगणारच होते आज."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. वर्षभर ज्या एका वाक्याची वाट पाहिली ते आलं, आणि नेमकं आज आलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"बाबा, घाबरू नका," लेक म्हणाली.

हे वाक्य ऐकून न घाबरलेला बाप अजून जन्माला यायचाय.

"दुखायला लागलंय. थांबून थांबून येतंय, पण येतंय. परवापर्यंत काही निभत नाही. आईला घेऊन या ना."

फोन काकूंनीही ऐकला होता. त्या गाडीच्या दाराशी गेल्या, वरची मूठ धरली, चांगला पाय उचलून पाहिला. पाय पोचेना. दुखरा पाय तर उचलायचाच नव्हता. काकांनी खुर्ची आणली. तिच्यावर चढायलाच काकूंना आधी दुसरी खुर्ची लागली असती. मागून आधार द्यायला गेले तर काकू कळवळल्या. काका नुसते गाडीभोवती फिरायला लागले. पायऱ्या परत बसवायच्या तर दुकान उलट्या दिशेला, आणि बोल्ट तर कापलेले.

"फिरू नका," काकू म्हणाल्या. "कोपऱ्यावर गोदाम आहे. माल उतरवायचा ओटा आहे तिथं. गाडी त्याला लावा."

अशा रीतीने काकू पोत्यांच्या ओट्यावरून गाडीत शिरल्या. हमाल बाजूला उभे राहून बघत होते. दुसऱ्या एखाद्या दिवशी यावर त्या हसल्या असत्या.

गाडी डोंगराच्या वाटेला लागली. नव्या टायरांची घरघर केबिनमध्ये भरून राहिली होती. काट्यावर विश्वास नाही म्हणून काका हळू चालवत, मग उशीर होईल म्हणून जोरात, मग ब्रेक आठवून पुन्हा हळू. लेकीचे फोन येत होते. फोन काकूच घ्यायच्या. "येतोय. श्वास घे. येतोय."

ओढा आला. काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी पाण्यात घातली. तोच तो दगड पुढे आला, डाव्या चाकाजवळून पोटाखाली गेला आणि मागे पडला. लागला नाही. गाडी पलीकडे चढलीसुद्धा. वर्षभर ज्या क्षणासाठी झोप घालवली तो असा सरून गेला, आणि काकांना आनंद काही होईना. काकूंनी डोळे उघडले, मागे वळून पाण्याकडे पाहिलं आणि पदराने ओठांवरचा घाम टिपला.

रोपवाटिकेच्या फाटकाशी लेक उभी होती, एक हात कंबरेवर, दुसरा खांबावर. गाडी जवळ आली तशी तिने वर मान करून पाहिलं.

"बाबा, ही गाडी आहे की माडी?"

आणि तेवढ्यात कळ आली. ती खांबाला धरून वाकली. काका उतरून धावले. काकू वरच अडकलेल्या. उतरल्या असत्या तर पुन्हा चढणं नव्हतं. त्या दारातून हात खाली करून नुसतं म्हणत होत्या, "सोड, श्वास सोड, झालं, झालं."

कळ ओसरली. काकांनी रोपांचे प्लास्टिकचे क्रेट उलटे करून दारापाशी रचले. लेकीने त्यावर पाय ठेवला आणि क्रेट मधोमध वाकून सटकला. तिला काकांनी झेललं, पण ती ओरडली, आणि तो आवाज काकांना ओळखीचा होता. बरोबर असाच आवाज वर्षापूर्वी त्यांनी ओढ्यात ऐकला होता. त्यांनी तिला उचलायचा प्रयत्न केला. नऊ महिने भरलेली पोर ती, छातीपर्यंतसुद्धा उचलली जाईना. घरातून स्टूल आणलं, ते खडबडीत जमिनीवर तीन पायांवरच उभं राहिलं. काकांनी खिशातली टेप काढली, दाराला लावली आणि मग आपण काय करतोय तेच त्यांना कळेना. उंची मोजून काय होणार होतं? ती चार बोटं त्यांनीच तर विकत आणली होती.

पुढची कळ लवकर आली. आधीच्यापेक्षा पुष्कळ लवकर.

"अहो," काकूंनी वरून हाक मारली. "इकडं बघा. माझ्याकडं बघा." फाटकाच्या आत, वाटेला लागूनच रोपांचा लांब वाफा होता. सकाळीच पाणी दिलेला, काळी माती अजून चकाकत होती. काकूंनी काठीने तिकडे दाखवलं. "माझ्या बाजूची चाकं त्या वाफ्यात घाला. आणि रुतवा."

तो शब्द काकांच्या अंगावर वीज पडल्यासारखा आला. "काय?"

"रुतवा गाडी. दार खाली येईल."

"अगं, पण मग निघणार कशी?"

"ते मग बघू. आधी पोरगी आत येऊ दे."

"बाबा, घाला," लेक खांबाला धरूनच म्हणाली. "रोपं परत लावता येतील."

काका गाडीत चढले. वाफ्यात चाकं घातली तेव्हा बोटभर उंचीची हिरवी रोपं टायरखाली आडवी झाली. मग त्यांनी तेच केलं जे आयुष्यात पुन्हा कधी करायचं नाही अशी शपथ घेतली होती: ॲक्सिलरेटर दाबला, आणि आणखी दाबला. टायर जागच्या जागी गरगरले. चिखल काचेवर उडाला. टायरवाला खोटं बोलला नव्हता. त्या राक्षसांनी बघता बघता खड्डे खणले. गाडी काकूंच्या बाजूला कलली, आणखी कलली, आणि दाराचा उंबरा लेकीच्या गुडघ्याच्याही खाली येऊन थांबला.

काकू ओठ चावत मधे सरकल्या. खुबा दुखत असणार, पण त्यांनी आवाज काढला नाही. लेक पाऊल उचलून सरळ आत आली, खोलीत यावं तशी, आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकून बसली. काकूंनी तिच्यापलीकडे हात लांबवून दार ओढून घेतलं.

आता निघायचं होतं. गाडी एका कुशीवर झोपलेली, अर्धं चाक मातीत. काकांनी पहिला गिअर टाकला. पाय ॲक्सिलरेटरवर गेला आणि तिथंच त्यांची पाचावर धारण बसली. लेक कण्हत होती. दाब, दाब, असं त्यांचं सगळं अंग सांगत होतं. गेल्या वर्षीही हेच सांगितलं होतं.

गिअरच्या दांड्यावरच्या त्यांच्या हातावर काकूंचा हात आला. वर्षभरात पहिल्यांदा. हात गार पडला होता आणि घट्ट होता.

"हळू," काकू म्हणाल्या. "आपल्याला घाई नाही."

घाई तर होती. तिघांनाही ठाऊक होतं. पण काकांनी पाय हलकेच टेकवला, केवळ टेकवला. टायर जागचे हलेनात. मग टायरच्या एका ठोकळ्याने माती धरली. सुटली. पुन्हा धरली. इंजिन कण्हत होतं, लेक कण्हत होती, काका श्वास घ्यायचा विसरले होते. गाडी बोटभर पुढे सरकली. मग वीतभर. मग चिखलाने चाक सोडल्याचा मोठा पचाक असा आवाज झाला, पिकअप सरळ झाली आणि वाटेवर आली. काकूंनी हात काढला नाही. ओढा ओलांडेपर्यंत तो तिथंच होता.

दवाखान्याच्या दारात उतरवताना पुन्हा तीच उंची आडवी आली, पण तिथल्या दोघा-चौघांनी मिळून लेकीला अलगद उतरवून घेतलं, आणि चाकाच्या खुर्चीत बसवून आत पळवलं. काकूंना मात्र दगडी कट्ट्यालगत गाडी लावून उतरवावं लागलं.

नात झाली. आई-बाळ सुखरूप. जावई सकाळी धापा टाकत पोचला. रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून काकांच्या दाढीचे खुंट वर आले होते, आणि समोर उभ्या पिकअपच्या टायरच्या खाचेत एक चिरडलेलं रोप अजून अडकून होतं. नातीला पाहून काकू काठी टेकत बाहेर आल्या आणि बाकावर टेकल्या.

"नाक तुमच्यावर गेलंय," त्या म्हणाल्या. "काय करणार."

काका हसले नाहीत. ते उठून काकूंच्या पायाशी उकिडवे बसले आणि खिशातून टेप काढली.

"हे काय?"

"पाय उचल. दुखणार नाही इतपतच. जेवढा उचलता येईल तेवढा."

"कशाला?"

"टायरवाल्याकडं जातोय. पायरी किती खाली हवी ते सांगायला लागेल ना त्याला."

काकूंनी त्यांच्या हातातल्या टेपकडे पाहिलं. "दगडाला लागेल."

"लागू दे."

काकूंनी पाय उचलला. थोडासाच, पण उचलला, आणि तसाच धरून ठेवला. काकांनी टेपचं टोक फरशीवर टेकवलं आणि आकडा वाचायला मान खाली घातली. आकडा काही दिसेना. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, तरी दिसेना.

"नीट मोजा," काकू वरून म्हणाल्या. "नाहीतर उद्या म्हणाल, नाही बसत."